दाढ काढल्यावर खड्ड्यातली गुठळी सांभाळा

दाढ काढायची ठरली की कोल्हापुरातल्या घरात तीन सल्ले हमखास मिळतात. उपाशीपोटी जा. वरची दाढ असेल तर काढू नको, नजर जाते. आणि घरी आल्या आल्या मिठाच्या गरम पाण्यानं चुळा भर. सल्ले मायेपोटी दिलेले असतात, पण तिन्ही चुकीचे आहेत आणि तिसरा सगळ्यात महागात पडतो.

पहिल्यापासून सुरुवात करू. दाढ काढताना भूल फक्त जबड्याच्या तेवढ्या भागाला देतात. माणूस पूर्ण जागा असतो. उपाशी राहायचं ते पूर्ण बेशुद्ध करून काढायची असेल तेव्हाच, आणि तसं डॉक्टर आधी सांगतात. एरवी रिकामं पोट, रात्रीची अर्धवट झोप आणि मनातली धास्ती एकत्र आली की खुर्चीतच रक्तदाब उतरतो, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. बरोबरच्यांना वाटतं इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन आली. बहुतेक वेळा ती साधी भोवळ असते. खुर्ची आडवी करून पाय वर घेतले की दोन-चार मिनिटांत माणूस सावरतो. म्हणून तास-दीड तास आधी नीट जेवून जा. नंतर तीन-चार तास तोंड बधिर असतं, तेव्हा तसंही काही चावता येत नाही. मधुमेह असलेल्यांनी तर हे चुकवूच नये. सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि नाश्ता टाळला, तर साखर खाली जाते.

आता डोळ्याचं. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या आहेत. नजर दुसऱ्या जोडीवर चालते, दातांची संवेदना पाचव्या जोडीवर. दाढ काढताना दुसऱ्या जोडीला धक्का लागायचा प्रश्नच येत नाही. समज पसरण्याला कारणं मात्र आहेत. पाचव्या जोडीचीच एक फांदी डोळ्याभोवती आणि कपाळावर जाते, त्यामुळे वरच्या दाढेचा ठणका डोळ्यात जाणवतो. शिवाय दाढा निघायला लागतात त्याच चाळिशीत चष्माही लागतो, आणि लोक दोन्हीची सांगड घालतात. वरच्या सुळ्याखाली पू झाला तर सूज डोळ्याच्या खालच्या पापणीपर्यंत चढते, कधी डोळा उघडतही नाही. असा किडका सुळा तोंडात ठेवण्यातच डोळ्याला जास्त धोका आहे.

मुळात दाढ काढायलाच हवी का, हे एकदा स्पष्ट विचारून घ्या. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचली एवढ्यानं दाढ जात नाही. रूट कॅनल करून, वर कॅप बसवून ती बरीच वर्षं चालते. मूळ उभं चिरलेलं असेल, कीड हाडाच्या पातळीखाली गेली असेल, हिरडीच्या आजारानं हाड झिजून दाढ वर-खाली हलत असेल, किंवा अक्कलदाढ आडवी अडकून वारंवार सुजत असेल, तर मात्र काढणं बरं.

खुर्चीत बसण्याआधी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीतून काढून डॉक्टरांसमोर ठेवा. नावं पाठ असायची गरज नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनानं बंद करू नका. हिरडीतलं रक्त बोळा दाबून, टाका घालून थांबवता येतं. गोळी बंद केल्यानं हृदयातला स्टेंट तुंबला तर ते इतकं सोपं राहत नाही. वॉरफॅरिन किंवा ॲसेनोकूमरॉल चालू असेल तर एक-दोन दिवसांतला आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा, रिपोर्ट लागतो. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा सलाईन चालू असेल तर आवर्जून सांगा, कारण त्या औषधांमुळे कधी कधी जबड्याचं हाड भरून येत नाही. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी लाईट (रेडिएशन) घेतलेली असेल, तर ती पंधरा वर्षांपूर्वीची असली तरी सांगा. तंबाखूमुळे हा आजार आपल्या भागात घरोघरी ठाऊक आहे, आणि लाईट लागलेल्या जबड्यातली दाढ साधी म्हणून काढली तर हाड सडू शकतं. हृदयाची झडप बदललेली असेल तर तासभर आधी अँटिबायोटिकचा एकच मोठा डोस घ्यावा लागतो, मोठ्या माणसाला साधारण २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन. पेनिसिलिन सोसत नसेल तर ते त्याआधीच कळायला हवं. नुकताच डेंगी होऊन गेला असेल तर प्लेटलेट तपासल्याशिवाय घाई करू नका. रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर तातडीचं कारण नसताना त्या दिवशी दाढ काढत नाहीत. गरोदरपणात चौथा ते सहावा महिना सोयीचा. पू होऊन ताप आला असेल तर मात्र कुठल्याही महिन्यात उपचार थांबवायचा नसतो.

वार निवडता येत असेल तर सोमवार-मंगळवारची सकाळ घ्या. संध्याकाळी काढलेल्या दाढेचं रक्त रात्री पुन्हा सुरू झालं तर दवाखाना बंद असतो. आणि खड्ड्याचा खरा त्रास व्हायचाच तर तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी होतो. गुरुवारी दाढ काढलेल्यासारखा रविवार वाट पाहण्यात घालवायला लागू नये. घरात लग्न असेल, किंवा जोतिबाच्या यात्रेला डोंगर चढायचा असेल, तर मध्ये निदान आठवडा सोडा.

भुलीसाठी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी २ टक्के लिग्नोकेन वापरतात, त्यात १:८०,००० या प्रमाणात ॲड्रेनालिन मिसळलेलं असतं. ॲड्रेनालिननं तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, भूल जागच्या जागी टिकते आणि रक्त कमी येतं. ते घेतल्यावर मिनिट-दोन मिनिटं छाती धडधडू शकते. घाबरू नका, तेवढ्यात ओसरतं. वरच्या जबड्याचं हाड जाळीदार असतं, म्हणून दाढेच्या मुळाजवळ हिरडीत दिलेली भूल झिरपून आत जाते. टाळूकडचं इंजेक्शन मात्र दुखतं, कारण तिथली कातडी हाडाला घट्ट चिकटलेली असते आणि औषधाला पसरायला जागा नसते. खालच्या दाढांभोवतीचं हाड जाड, तिथे नुसतं हिरडीत देऊन भागत नाही. तोंड मोठं उघडायला लावून, मागे जबड्याच्या कोपऱ्याकडे, नस हाडात शिरते तिथे दीड-दोन मिली सोडतात. पाच-सात मिनिटांत त्या बाजूचा अर्धा ओठ आणि अर्धी जीभ जड पडते. जीभ बधिर झाली पण ओठ झाला नाही, तर भूल पुरती बसलेली नाही. तसं सांगा, डॉक्टर पुन्हा देतील. त्यात कुणाचाही कमीपणा नाही.

खूप पू झालेल्या दाढेला भूल नीट लागत नाही, हे खरं आहे. पू झालेल्या जागी आम्लता वाढते आणि लिग्नोकेन नसेत शिरायला कमी पडतं. अशा वेळी भूल दुखऱ्या जागेपासून लांब देतात, किंवा आधी पू काढून देऊन, औषध चालू करून दोन-तीन दिवसांनी बोलावतात. पण ‘सूज पूर्ण उतरल्याशिवाय दाढ काढायचीच नाही’ असा काही नियम नाही. तोंड उघडत असेल आणि भूल लागत असेल, तर दाढ निघाली की पूही वाट काढतो आणि सूज लवकर उतरते.

भुलीनं वेदना थांबते, दाब थांबत नाही. हे आधी माहीत नसलं की माणूस खुर्चीत कळवळतो. जबडा दाबल्यासारखा, ढकलल्यासारखा वाटणार. कडकड आवाज येणार, आणि हाडातून थेट कानात जात असल्यानं तो बाहेरच्यापेक्षा मोठा ऐकू येणार. हे ठरल्याप्रमाणेच आहे. चमक किंवा टोचल्यासारखं वाटलं तर मात्र डावा हात वर करा, काम थांबवून पुन्हा भूल देता येते.

लोक ‘दाढ उपटली’ म्हणतात, पण दाढ ओढून निघत नाही. दात हाडात थेट रुजलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा धाग्यांचा पडदा असतो, त्याच्यावर दात टांगलेला असतो. आधी बारीक हत्यारानं दाताभोवतीची हिरडी सोडवतात. मग एलिव्हेटर नावाची सपाट टोकाची पट्टी दात आणि हाड यांच्या फटीत घालून हळूहळू पिरगाळतात, त्यानं धागे तुटतात आणि फट रुंद होते. पकड लावल्यावरही पहिला जोर मुळाच्या दिशेनं, म्हणजे आत असतो. मग दाढ गालाकडे आणि जिभेकडे सावकाश झुलवतात, वरच्या दाढेला गालाकडचा जोर जास्त. पुढच्या वरच्या दाताचं मूळ एकच आणि शंकूसारखं, म्हणून तो फिरवून निघतो. हाड थोडं ताणून जागा झाली की शेवटी दाढ अलगद वर येते. साध्या दाढेला भूल बसल्यावर पाच-दहा मिनिटं पुरतात.

अडतं कुठे? वरच्या मोठ्या दाढेला तीन मुळं असतात आणि ती फाकलेली असतात. खालच्या दाढेला दोन. सुळ्याचं मूळ सगळ्यात लांब. रूट कॅनल केलेली दाढ ठिसूळ होते, पकडीत तिचा तुकडा पडू शकतो. म्हणून आधी एक्स-रे लागतो, आणि अक्कलदाढेला तर पूर्ण जबड्याचा ओपीजी. मूळ तुटलं तर डॉक्टर दाढ कापून एकेक मूळ वेगळं काढतात. गरज पडली तर हिरडी उचलून, सलाईनची धार सोडत थोडं हाड कापतात आणि टाके घालतात. मुळाचा दोन-तीन मिलिमीटरचा निरोगी शेंडा नसेच्या अगदी जवळ राहिला, तर तो तसाच सोडणं कधी कधी जास्त शहाणपणाचं असतं. फक्त तसं तुम्हाला सांगितलं पाहिजे आणि कागदावर लिहून दिलं पाहिजे.

वरच्या मागच्या दाढांची मुळं सायनसच्या पोकळीला भिडलेली असतात. दाढ निघाल्यावर पाणी पिताना ते नाकात आलं, तर तिथे भोक पडलंय असं समजा आणि लगेच डॉक्टरांना सांगा. मग दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. खालच्या अक्कलदाढेजवळून ओठाची नस जाते. ती दुखावली तर ओठ-हनुवटी काही आठवडे, क्वचित कायमची, बधिर राहते. ओपीजी बघून या धोक्याबद्दल आधीच बोलून घ्यावं.

इथपर्यंतचं काम डॉक्टरांचं. पुढचे २४ तास तुमचे. दाढ निघाल्यावर उघड्या हाडाचा खड्डा राहतो. तो रक्तानं भरतो, रक्त गोठतं, आणि ती गुठळीच हाडावरचं झाकण बनते. तिच्यातच नवे धागे, नव्या रक्तवाहिन्या आणि पुढे नवं हाड तयार होतं. ती निसटली की हाड उघडं पडतं.

म्हणून बोळा नेमका खड्ड्यावर बसला पाहिजे, शेजारच्या दातांमध्ये नको. तो ३० ते ४५ मिनिटं घट्ट दाबून धरायचा. दर पाच मिनिटांनी काढून आरशात बघितलं, तर धरत आलेली गुठळी दर वेळी बोळ्याबरोबर निघते. लाळ थुंकायची नाही, गिळायची. थुंकताना, स्ट्रॉनं ओढताना तोंडात जी ओढ तयार होते, तिनं गुठळी वर खेचली जाते. पहिले २४ तास चूळ नाही, मिठाची नाही, साधीही नाही. लाळेत दिवसभर गुलाबी रंग दिसेल. दोन थेंब रक्त तोंडभर लाळेत मिसळलं की फार वाटतं. तोंड भरून लालभडक रक्त येत असेल तर ते वेगळं: स्वच्छ गॉजची जाड घडी करून, किंवा चहाची टी-बॅग गार पाण्यात भिजवून पिळून, खड्ड्यावर ठेवा आणि अर्धा तास न बोलता दाबा. चहातल्या टॅनिननं रक्त धरायला मदत होते. तरीही थांबलं नाही तर टाका लागेल.

राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगडकडून जे एसटीनं येतात त्यांनी बोळा तोंडात घेऊन लगेच सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) गाठायची घाई करू नये. पहिला बोळा डॉक्टरांनी काढून, रक्त थांबल्याची खात्री करून मगच निघा. निर्जंतुक गॉजची दोन-तीन पाकिटं आणि डॉक्टरांचा फोन नंबर बरोबर घ्या. एकटं येऊ नका. लहान मुलांकडे तर भूल उतरेपर्यंत लक्ष हवंच. गंमत म्हणून ती बधिर ओठ चावत बसतात आणि संध्याकाळी ओठ सुजून फोड येतो.

खाण्याचं कोल्हापुरात जरा अवघड आहे, पण थोडे दिवस निभवा. पहिल्या दिवशी सगळं गार आणि मऊ: ताक-भात, दही-भात, गार केलेली रव्याची खीर, केळं कुस्करून, आईस्क्रीम चमच्यानं. गंगावेशीतलं दूधही चालेल, कोमट झाल्यावर आणि पेल्यानं. तांबडा रस्सा आणि मिसळीचा कट आठवडाभर बाजूला ठेवा; गरम वाफेनं रक्त पुन्हा सुटतं आणि तिखट उघड्या जखमेला झोंबतं. पांढरा रस्सा तिखट नसतो म्हणून चालेल असं वाटतं, पण तोही गरमच वाढतात, आणि मटणाचे धागे खड्ड्यात अडकतात. भडंग आणि भाजलेले शेंगदाणे दोन आठवडे तरी नकोत, त्यांचे कण खड्ड्यात जाऊन बसतात. दुसऱ्या बाजूनं चावायचं. तालमीतल्या पोरांनी जोर-बैठका तीन-चार दिवस बंद ठेवाव्यात, आणि अक्कलदाढ हाड कापून काढली असेल तर महिनाभर कुस्ती धरू नये. तिथलं हाड कमकुवत असतं, दणक्यानं जबडा मोडू शकतो.

आता मिश्रीबद्दल, आणि हे मी हात जोडून सांगतोय. दाढ काढल्यावर मिश्री लावायची नाही, तंबाखू-चुना धरायचा नाही, मावा, गुटखा, सिगारेट, काही नाही. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, खड्ड्याला रक्त पुरत नाही. चुन्यानं हिरडी भाजते. मिश्री बोटानं घासताना गुठळी निघते आणि पुन्हा थुंकणं आलंच. बायकांना मिश्रीबद्दल कुणी विचारत नाही आणि त्याही आपण होऊन सांगत नाहीत. घरातल्या लेकी-सुनांनी हे आईला, सासूबाईंना जवळ बसून समजावून सांगावं. किमान आठवडा. सुटलीच कायमची, तर फारच चांगलं.

भूल उतरण्याआधीच पहिली दुखण्याची गोळी घ्या. ठणका चढल्यावर घेतलेली उशिरा लागू पडते. पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांमध्ये निदान सहा तास. आयब्युप्रोफेन जास्त गुणकारी आहे, पण मूत्रपिंडाचा त्रास, पोटातला अल्सर, दमा किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर विचारल्याशिवाय नको. ॲस्पिरिन दुखण्यावर घेऊ नका, रक्त वाहतं राहतं. खड्ड्यात लवंगाचं तेल, कापूर, गोळीचा चुरा काहीही भरायचं नाही. अँटिबायोटिक प्रत्येक दाढेला लागत नाही. मेडिकलमधून मागून आणलेल्या चार कॅप्सूलनी काही साधत नाही.

पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ, फडक्यात गुंडाळून, १० मिनिटं ठेवायचा आणि १० मिनिटं काढायचा. हाड कापून काढलेल्या दाढेची सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, मग उतरते. २४ तास झाले की मिठाच्या पाण्याची वेळ येते: पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, जेवणानंतर आणि झोपताना. पाणी तोंडात घ्या, मान त्या बाजूला कलती करा आणि पाणी सोडून द्या, खळखळ नको. खड्ड्यावर पांढरट-पिवळसर साय दिसेल. ती पू समजून ब्रशनं खरवडू नका, भरणारी जखमच तशी दिसते. बाकीचे दात मात्र रोज घासायचे.

दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते उलट वाढलं, कानापर्यंत जायला लागलं, तोंडाला घाण वास आला आणि गोळीनं भागेना, तर गुठळी गेलेली आहे. याला ड्राय सॉकेट म्हणतात. खालच्या अक्कलदाढेत, तंबाखू खाणाऱ्यांत आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांत ते जास्त होतं. घरी सोसत बसू नका आणि अँटिबायोटिकही मागू नका. खड्डा सलाईननं धुऊन औषधाची पट्टी भरली की बहुतेकांना तासाभरात आराम पडतो. पट्टी एक-दोनदा बदलावी लागते.

यापेक्षा गंभीर गोष्ट एकच. सूज जबड्याखालून गळ्याकडे उतरायला लागली, जीभ वर उचलल्यासारखी वाटली, घोट गिळता येईना, तोंड उघडेना, थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट बघायची नाही. या सुजेनं श्वासाची वाट बंद होते. रात्री दोन वाजले असले तरी सीपीआर (कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा. आणि अशा सुजेवर शेकायचं तर अजिबात नाही.

रेशमाचे टाके साधारण सातव्या दिवशी काढतात. हिरडी दोन-तीन आठवड्यांत मिटते. महिन्याभरात हाडाची एखादी टोकदार कपची हिरडीतून वर येऊ शकते, मूळ आत राहिलं असं समजून घाबरू नका. बहुतेक वेळा ती आपोआप पडते, नाहीतर चिमट्यानं निघते. आतलं हाड भरायला तीन ते सहा महिने लागतात, आणि त्याच काळात जबड्याची तिथली रुंदी कमी होत जाते, वर्षभरात जवळजवळ निम्मी. रिकामी जागा तशीच राहिली की समोरची दाढ खाली किंवा वर सरकते आणि शेजारची कलते. म्हणून दोन-तीन महिन्यांनी एकदा दाखवून शेजारच्या दातांच्या आधारानं बसणारा ब्रिज, हाडात स्क्रू बसवून केलेलं इम्प्लांट की काढता-घालता येणारा दात, हे ठरवून टाका. अक्कलदाढ काढली असेल तर तिथे काहीच बसवायचं नसतं.